डायलिसिसवरील वडिलांचे अबोलपण : आजार, थकवा की नैराश्य?

तुम्ही लिहिले आहे की वडील ६३ वर्षांचे आहेत, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले, मधुमेह १७ वर्षांपासून आहे आणि गेल्या ११ महिन्यांपासून सोलापुरात आठवड्यातून तीन वेळा त्यांचे डायलिसिस चालू आहे. दोन-अडीच महिन्यांपासून ते बोलेनासे झाले आहेत, वर्तमानपत्र उघडत नाहीत, अर्ध्या ताटावरून उठतात आणि डायलिसिस नसलेल्या दिवशीही भिंतीकडे तोंड करून पडून असतात. महिन्याच्या एकादशीला पंढरपूरला जाणे सुटले, त्याविषयी ते काहीच बोलत नाहीत. गेल्या आठवड्यात तुमच्या आईला ते एवढेच म्हणाले, ‘आता पुरे झालं.’ किडनीच्या डॉक्टरांनी सांगितले की या आजारात असे होतेच. काकांनी सांगितले की दादाने हाय खाल्ली. तुम्ही पुण्यात नोकरीला आहात आणि विचारत आहात की हे आजाराचे आहे की मनाचे, आणि मनाची गोळी सुरू केली तर किडनीला आणखी त्रास होईल का.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि गेली एकोणीस वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणी काम करते. त्यांतील बरीच वर्षे आठवड्यातील एक सकाळ मी डायलिसिस विभागात आणि एक मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात घालवते. रुग्णाला समोर बसवल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे वडिलांना नेमके काय झाले आहे हे मी येथून सांगणार नाही. मात्र अशा वेळी काय शोधावे लागते, कोणत्या क्रमाने आणि का, हे सांगता येईल. रुग्णांची उदाहरणे तपशील बदलून दिली आहेत.

सर्वांत आधी ‘आता पुरे झालं’ या शब्दांविषयी लिहिते, कारण बाकीच्या गोष्टी आठवडाभराने पाहिल्या तरी चालतील, ही चालणार नाही. डायलिसिसच्या रुग्णांकडून हे शब्द मी निदान चार अर्थांनी ऐकले आहेत : आजचा दिवस फार जड गेला, सुया टोचून घेण्याचा वीट आला, माझ्यापायी घरच्यांची फरफट होते आहे, आणि मला आता जगायचे नाही. यांतला कोणता अर्थ वडिलांच्या मनात आहे, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. म्हणून एकांतात, घाई नसताना सरळ विचारा : ‘बाबा, जीव नकोसा वाटतो का? स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?’ असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येईल ही भीती मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटते आणि ती खरी नाही. बहुतेक माणसांना कोणीतरी विचारले याने हायसे वाटते. उत्तर ‘हो’ आले, किंवा त्यांनी नजर चुकवली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, त्यांना एकटे ठेवू नका, इन्सुलिन आणि सगळ्या गोळ्या आईच्या ताब्यात राहू द्या आणि घरी शेती असेल तर फवारणीची औषधे घराबाहेर कुलपात हलवा. डायलिसिसला जाण्यास ते नकार देत असतील तर तेही याच तातडीत मोडते. रात्री-अपरात्री कोणी भेटले नाही तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. डॉक्टरांचे वाक्य आणि काकांचे वाक्य वेगळे वाटले तरी दोघांनी एकच केले आहे : आजार हे कारण मिळाले, म्हणून पुढे शोधायचे थांबले. पण आजार एवढेच कारण असते तर डायलिसिसवरील प्रत्येकाला नैराश्य यायला हवे होते. २०१३ साली या विषयावरील अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्यक्ष मुलाखत घेऊन निदान केले तेव्हा डायलिसिसवरील सुमारे २३ टक्के रुग्णांत नैराश्य आढळले. सामान्य लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण खूप मोठे आहे, पण त्याची दुसरी बाजूही पाहा. तेच यंत्र, त्याच सुया, तेच पाणी मोजून पिणे, आणि तरी चारांतल्या तिघांना हे होत नाही. म्हणून चौथ्याच्या बाबतीत काय वेगळे घडले, हा प्रश्न मला ‘आजाराचे की मनाचे’ यापेक्षा उपयोगाचा वाटतो. त्याच्या उत्तरातल्या बऱ्याच गोष्टी बदलता येतात. किडनी मात्र बदलता येत नाही, किंवा प्रत्यारोपणासाठी फार वाट पाहावी लागते.

त्याच आढाव्यात, मुलाखतीऐवजी नुसती प्रश्नावली भरून घेतली तेव्हा प्रमाण ३९ टक्क्यांवर गेले होते. ही तफावत समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडेही वापरली जाणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली मागील दोन आठवड्यांविषयी विचारते. २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले तर नीट तपासणी करावी असे मानतात. तिच्यातले झोप, थकवा, भूक, एकाग्रता आणि हालचालींचा मंदपणा हे प्रश्न शरीराशी निगडित आहेत, आणि डायलिसिसच्या रुग्णाला यांतले तीन-चार नैराश्य नसतानाही लागू पडतात. चार तास यंत्राला जोडून राहिलेला माणूस घरी येऊन गळून पडतो; काहींना सावरायला दुसरी सकाळ उजाडते. म्हणून थकवा आणि भूक यांवरून मी निष्कर्ष काढत नाही. डायलिसिस नसलेल्या दिवशी, अंगात थोडे बळ असताना, पूर्वी ज्यात जीव रमत असे त्यात आता रमतो का, हे मी पाहते. नातवाचा फोन आला तर चेहरा उजळतो का? स्वतःविषयी ते ‘मी निरुपयोगी झालो’, ‘मी सगळ्यांना खड्ड्यात घातले’ अशा भाषेत बोलतात का? थकलेल्या माणसाला वर्तमानपत्र वाचायचे असते पण जमत नाही. नैराश्यात ते उशाशी असते आणि उघडावेसे वाटत नाही. तुम्ही लिहिलेल्या खुणांपैकी मला सर्वांत महत्त्वाची ही वर्तमानपत्राची वाटली.

तरीही मनाकडे जाण्याआधी शरीराची झडती घेणे आवश्यक आहे, आणि हे काम किडनीच्या डॉक्टरांशिवाय होत नाही. बदल दोन-तीन दिवसांत अचानक आला असेल, माणूस कधी भानावर तर कधी गुंगीत असेल, वार-तारखेचा गोंधळ होत असेल, तर ते नैराश्य नसून मेंदूवर आलेला तात्पुरता गोंधळ असू शकतो. त्यामागे जंतुसंसर्ग, क्षारांचा असमतोल किंवा एखादे औषध असते, आणि तेव्हा त्याच दिवशी रुग्णालयात जावे लागते. वडिलांचा बदल दोन-अडीच महिन्यांचा आणि हळूहळू झालेला दिसतो, त्यामुळे ही शक्यता कमी आहे. औषधांची यादी मात्र पाहाच. काही वर्षांपूर्वी एका वयस्क शेतकऱ्यांना ‘डिप्रेशन’ म्हणून माझ्याकडे पाठवले होते. ते पेंगत होते, बोलताना शब्द अडखळत होते. पायांच्या जळजळीसाठी दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी गॅबापेंटिन दिले होते आणि डायलिसिस चालू आहे हे तेथे विचारले गेले नव्हते. हे औषध किडनीवाटे बाहेर पडते. किडनी काम करत नसेल तर ते अंगात साचत जाते. मात्रा कमी केल्यावर आठवडाभरात ते गृहस्थ गप्पा मारू लागले. त्यांना माझ्या एकाही गोळीची गरज पडली नाही.

हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ या तपासण्या सांगाव्याच लागतील. वडिलांनी पूर्वी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेतले असेल, तर बी-१२ कमी असण्याची शक्यता वाढते. किडनी निकामी झाल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते, त्यामुळे जुन्याच मात्रेने पहाटे साखर उतरते आणि माणूस सकाळी चिडचिडा किंवा मलूल उठतो; पहाटे तीनची साखर दोन-तीन दिवस तपासून पाहा. डायलिसिस पुरेसे होते आहे का, कोरडे वजन, म्हणजे अंगातले जास्तीचे पाणी काढल्यावर उरायला हवे ते वजन, बरोबर ठरले आहे का, हेही विचारा. अपुरे डायलिसिस झालेल्या माणसाची भूक मरते, तोंडाला चव राहत नाही, आणि घरच्यांना ते रुसल्यासारखे वाटते.

यापुढे एक गोष्ट येते, जी माझ्या अनुभवात रक्ताच्या कोणत्याही आकड्यापेक्षा नैराश्याशी घट्ट जोडलेली असते : रात्र कशी जाते. डायलिसिसच्या अनेक रुग्णांना अंगभर खाज सुटते, पायांत अशी वळवळ होते की ते हलवल्याशिवाय चैन पडत नाही, पायांचे तळवे जळतात. या तक्रारी जिवावर बेतणाऱ्या नसल्याने तपासणीच्या वेळी त्या सांगायच्या राहून जातात किंवा ऐकणारा पुढे सरकतो. पण महिनोन्‌महिने रात्री दोन तासांपेक्षा अधिक सलग झोप नसलेला माणूस खचणार नाही तर काय होईल? वेदना आणि निद्रानाश हे जुन्या आजारांतील नैराश्याचे सर्वांत दुर्लक्षित घटक आहेत, आणि दोन्हींवर उपाय आहेत. आईला विचारा, त्या त्यांच्या शेजारी झोपत असतील तर त्यांना हे नक्की माहीत असेल.

आता ज्या भागावर मी सर्वाधिक वेळ घालवते तो सांगते. आजाराने माणसाकडून काय काढून घेतले, याची यादी वैद्यकीय कागदांवर कोठेच नसते. पन्नाशीच्या एक बाई माझ्याकडे येत. मधुमेहामुळे त्यांच्या पायाची दोन बोटे काढावी लागली होती. घरची माणसे इतकी चांगली की सुनेने स्वयंपाकघर पूर्णपणे आपल्याकडे घेतले, ‘आई, तुम्ही काही करू नका, बसा,’ असे प्रेमाने सांगितले, पाण्याचा पेलासुद्धा हातात दिला. बाई चार महिन्यांत निम्म्या झाल्या. मला म्हणाल्या, ‘जेवण वेळेवर मिळतं, गोळ्या वेळेवर मिळतात, पण मला कुणी काही विचारत नाही. मीठ किती घालू हेसुद्धा नाही.’ त्यांच्या उपचारात गोळी होती, पण त्याच्या बरोबरीने मी सुनेला एक काम सांगितले : लोणच्या-मसाल्याचा सगळा कारभार सासूबाईंकडे परत द्या, खुर्चीवर बसून त्या सांगतील आणि तुम्ही कराल. सुधारणा कशाने झाली हे मी वेगळे काढून दाखवू शकत नाही. पण त्या पुन्हा भांडू लागल्या, तेव्हा मला बरे वाटले.

वाहकाची नोकरी म्हणजे तीस-पस्तीस वर्षे रोज शेकडो माणसांशी बोलणे, पहाटेची गाडी वेळेवर सोडणे, हिशेब पैशाला पैसा जुळवणे, आणि कोठली गाडी कोठे मिळेल हे लोकांनी विचारणे. निवृत्तीने त्यातले बरेचसे गेलेच होते, आणि जे उरले ते डायलिसिसने नेले असावे. सध्या त्यांना दिवसभरात कोण काय विचारते याचा विचार करा. जेवलात का, गोळी घेतली का, पाणी किती प्यायलात, लघवी किती झाली. हे सगळे प्रश्न काळजीतून येतात, पण त्यांतला एकही प्रश्न त्यांना विचारलेला नसतो, तो त्यांच्या आजाराला विचारलेला असतो.

एकादशीच्या वारीचेही तसेच आहे. ‘डायलिसिसमुळे बंद झाली’ असे तुम्ही एका ओळीत लिहिले आहे. ती खरोखर बंद व्हायलाच हवी होती का, हे कोणी डॉक्टरांना विचारले का? सोलापूर ते पंढरपूर हा दिवसात जाऊन येण्याचा प्रवास आहे. एकादशी डायलिसिसच्या दिवशी येत असेल तर बरीच केंद्रे आठ-दहा दिवस आधी सांगितल्यास पाळी एक दिवस मागे-पुढे करून देतात. प्रकृतीच्या मानाने ते योग्य आहे का, हे मात्र त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. रांगेत तासन्‌तास उभे राहणे जमणार नाही, तर मुखदर्शन किंवा नामदेव पायरीपर्यंत जाऊन येणे जमेल. उपवासाविषयी मात्र सावध राहावे लागेल, कारण बटाटा, शेंगदाणे, रताळे, केळी, नारळपाणी हे उपवासाचे बहुतेक पदार्थ पोटॅशियमने भरलेले आहेत आणि डायलिसिसच्या रुग्णात वाढलेले पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवते. ‘उपवास करू नका’ एवढेच सांगितले की भाविक माणूस आतून तुटतो. त्याऐवजी आहारतज्ज्ञांकडून भगर किती चालेल, सोबत काय चालेल, हे लिहून घ्या. वडिलांसाठी हा प्रश्न गोळीइतकाच गंभीर असू शकतो.

जेवणावरून घरात काय बोलले जाते तेही पाहा. मधुमेहाच्या रुग्णाला घरातून आणि दवाखान्यातून वर्षानुवर्षे एक गोष्ट ऐकवली जाते : तुम्ही पथ्य पाळले असते तर ही वेळ आली नसती. त्यात तथ्याचा अंश असतोही. पण किडनी गेल्यानंतर हे वाक्य माणसाला सुधारायला काहीच मदत करत नाही, फक्त अपराधी बनवते, आणि हा अपराधीपणा नैराश्याच्या मुळाशी मला फार वेळा सापडतो. ‘माझ्या जिभेने घर बुडवले,’ असे एक गृहस्थ मला म्हणाले होते. तुमच्या घरात कोणी असे म्हणत असेल, प्रेमाने किंवा रागाने, तर ते आजपासून थांबवा.

पैशाविषयी घरातले मोठे लोक रुग्णासमोर बोलत नाहीत आणि समजतात की त्याला माहीत नाही. डायलिसिसवरील एका मध्यमवयीन गृहस्थांनी सलग दोन वेळा येण्याचे टाळले. विचारल्यावर कळले की शेजारच्या खोलीतून त्यांनी वीस गुंठे विकण्याचे बोलणे ऐकले होते. आपण गेलो तर जमीन वाचेल, असा त्यांचा हिशेब होता. येथे समुपदेशनाच्या आधी कागदपत्रे लागली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे आणि केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून जिल्हा पातळीवर चालू आहे. पात्रता आणि उपलब्धता आपल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, तपासून घ्यावी लागते. निवृत्तिवेतन तुटपुंजे आहे असे तुम्ही लिहिले आहे. खर्च कोण, कसा करत आहे, कोठे काय गहाण आहे आणि काय नाही, हे वडिलांना बसवून आकड्यांत सांगा. हिशेबाच्या माणसाला आकडे कळतात. त्यांच्यापासून ते लपवले तर ते स्वतःच्या मनाने मांडतात, आणि निराश मन नेहमी मोठा आकडा मांडते.

दोन-अडीच महिन्यांपूर्वी काय झाले, हेही शोधा. डायलिसिस सुरू होऊन ११ महिने झाले आणि माणूस आठ-साडेआठ महिने ठीक होता, याचा अर्थ मध्ये काही तरी बदलले. डायलिसिस विभागात एक गोष्ट घडते, जी घरच्यांना कळत नाही. त्याच वारी, त्याच वेळी येणारी आठ-दहा माणसे एकमेकांची सोबती होतात, आणि एक दिवस शेजारची खाट रिकामी असते. कर्मचारी काही सांगत नाहीत, रुग्ण विचारत नाहीत, पण सगळ्यांना समजते. तिथल्या परिचारिकेला हळूच विचारा की वडिलांच्या पाळीतले कोणी गेले का. फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातात शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) बंद पडून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली का, नजर आणखी कमी झाली का, प्रत्यारोपणाचा विषय कोणी संपवून टाकला का, हेही पाहा.

उरलेले काही घटक थोडक्यात सांगते, कारण त्यांवर आपला फारसा ताबा नसतो पण ते धोका वाढवतात. पूर्वी कधी नैराश्य येऊन गेले असेल किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात असेल. माणूस एकटा राहत असेल. एकाऐवजी तीन-चार आजार एकत्र असतील. दारूची सवय असेल. बहुतेक अभ्यासांत स्त्रियांत प्रमाण अधिक आढळते. पुरुषांत, विशेषतः मधुमेह आणि डायलिसिस एकत्र असताना, लैंगिक दुर्बलता असते आणि ती कोणाशीच बोलता येत नाही. मुलाने हा विषय काढू नये, डॉक्टरांनी काढावा.

नैराश्य आणि शरीराचा आजार एकमेकांना ओढत खाली नेतात, म्हणूनच ‘होतेच असे’ म्हणून सोडून देणे महागात पडते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात निराश रुग्णांनी वैद्यकीय सल्ला न पाळण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट आढळली होती. औषध चुकते, पाणी जास्त पिले जाते, डायलिसिसची पाळी टळते. त्याने प्रकृती बिघडते आणि ‘बघा, उपयोग नाहीच’ ही खात्री पक्की होते.

इथपर्यंतचा क्रम एकदा मांडते. जिवाच्या धोक्याची चौकशी आज. औषधांची यादी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, पहाटेची साखर आणि डायलिसिसचा पुरेसेपणा या आठवड्यात. त्याच वेळी झोप, खाज, वेदना. आणि या सगळ्याबरोबर, नंतर नव्हे, मनाची तपासणी.

आता गोळीविषयी. नैराश्यावरील सगळी औषधे किडनीला अपायकारक असतात हा समज चुकीचा आहे. वडिलांच्या किडनीचे काम तसेही यंत्र करते आहे. आमची चिंता ही असते की कोणते औषध अंगात साचेल आणि कोणते हृदयाला त्रास देईल. सर्ट्रालिन मुख्यतः यकृतातून निकाली निघते, म्हणून डायलिसिसवर ते बहुधा पहिले निवडले जाते, कमी मात्रेपासून सुरू करून. सिटालोप्रॅम आणि एस्सिटालोप्रॅम देताना हृदयाचा आलेख पाहावा लागतो. ड्युलॉक्सेटिन या अवस्थेत टाळतात. जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्या हृदयविकार असलेल्या रुग्णाला मी देत नाही. सर्ट्रालिनच्या गटातील औषधांनी रक्तस्राव थोडा वाढू शकतो आणि डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपारिन वापरतात, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवणे आवश्यक आहे. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज सहा ते आठ आठवड्यांनी येतो. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी बंद करू नका.

गोळीचा उपयोग किती होतो, याचे प्रामाणिक उत्तर असे की तो प्रत्येकात सारखा नसतो. २०१७ साली, किडनीचा आजार असलेल्या पण अद्याप डायलिसिसवर नसलेल्या रुग्णांत, सर्ट्रालिन आणि औषध नसलेली गोळी यांच्यात फरक आढळला नाही. २०१९ साली डायलिसिसवरील रुग्णांत सर्ट्रालिन आणि संवादातून केलेला वर्तन-विचार उपचार यांची तुलना झाली. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतील रुग्ण सुधारले होते, गोळीचा फायदा किंचित अधिक आणि दुष्परिणामही अधिक होते. त्यातला संवादाचा उपचार डायलिसिस चालू असताना खाटेशेजारी बसून दिला गेला होता. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आठवड्यातले बारा तास रुग्ण एका जागी असतोच. भारतातही चेन्नई, बेंगळुरू, दिल्ली आणि विशाखापट्टणम येथील मधुमेह केंद्रांत ४०४ रुग्णांवर अभ्यास झाला, जो २०२० साली प्रसिद्ध झाला : मधुमेहाचा नेहमीचा चमू आणि मनाची विचारपूस करणारा काळजी-समन्वयक एकत्र काम करू लागले, तेव्हा दोन वर्षांनी नैराश्य आणि साखर-रक्तदाब यांचे एकत्रित परिणाम नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगले आले. म्हणजे वेगळे मोठे रुग्णालय लागत नाही. एकाच रुग्णाच्या दोन डॉक्टरांनी आपसांत बोलावे लागते.

वडील ‘मला काय वेड लागलंय का’ असे म्हणतील, ही शक्यता धरून चला. त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचे आहे असे सुरुवातीला सांगूच नका, पण खोटेही बोलू नका. ‘झोप आणि भूक यांसाठी एक डॉक्टर दाखवू, डायलिसिसवाल्यांनीच सांगितलंय,’ हे खरे आहे आणि पुरेसे आहे. त्याआधी किडनीच्या डॉक्टरांना विनंती करा की हे त्यांच्या तोंडून यावे. अकरा महिने ज्यांच्यावर विश्वास ठेवला त्यांचा शब्द तुमच्यापेक्षा जड आहे.

आईविषयी तुम्ही पत्रात जवळजवळ काही लिहिलेले नाही. आठवड्यातून तीन फेऱ्या, भाज्या उकळून पाणी टाकून केलेला वेगळा स्वयंपाक, रात्रीची जागरणे, आणि आता ते वाक्य ऐकलेलेही त्यांनीच. काळजी घेणाऱ्यांत नैराश्याचे प्रमाण कमी नसते. महिन्यातले दोन डायलिसिस तुम्ही किंवा काकांनी न्यावेत आणि त्या दिवशी आईने दवाखान्याच्या दाराशी बसू नये, एवढे तरी करा.

पुढच्या भेटीला जाताना एका कागदावर हे लिहून न्या : सगळ्या औषधांची नावे आणि मात्रा, कोणी दिलेली असोत, दोन आठवड्यांची झोप, तासांत, बदल नेमका कधीपासून दिसला आणि त्याच्या आसपास काय घडले, थेट विचारल्यावर वडिलांनी काय उत्तर दिले. आणि आज रात्री फोन कराल तेव्हा गोळी-जेवणाआधी एक दुसरा प्रश्न विचारून पाहा. शनिवारी स्वारगेटवरून निघायचे आहे, कोणत्या वेळची गाडी घेतली तर गर्दी कमी मिळेल आणि कोठे थांबते, हे त्यांना विचारा. ते काय सांगतात, किती वेळ बोलतात, आवाज कसा लागतो, हेही त्याच कागदावर लिहा. तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल.